कै. मुरलीधर बोंडे यांजकडून

न चाललेल्या गाण्यांच्या तबकड्या गोळा करणारी माणसं एरवी कितीही विक्षिप्त असोत, वेळ मात्र पाळतात. भेट अकराची ठरली होती. अकराला पाच कमी असतानाच एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ पुण्याच्या ध्वनिलेख प्रयोगशाळेत येऊन बाकावर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. डाव्या हातात पत्र्याचा चपटा डबा, उजवा हात कोटाच्या खिशात. डॉ. झुबेर मणियारनं हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा गृहस्थांनी डबा मांडीवर ठेवून डावा हात दिला.

"तुम्ही नाव नोंदवलेलं नाही," झुबेर म्हणाला. "नुसतं 'सात इंची, एकमेव प्रत' एवढंच लिहिलंय."

"नाव सांगतो. आधी तुमचं यंत्र कसं चालतं ते सांगा. सुई लागणार नाही ना?"

झुबेरला हसू आलं. गेल्या सहा महिन्यांत चाळीसेक संग्राहक येऊन गेले होते आणि प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच विचारला होता. ही जमातच तशी. ज्या पॉप आणि रॉक गाण्यांकडे त्यांच्या काळात कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, ती शोधत हे लोक जुन्या बाजारात आयुष्य घालवतात. आणि एकदाची तबकडी हाती लागली की ओरखडा पडेल या धास्तीनं ती वाजवत नाहीत.

"सुई नाही," तो म्हणाला. "आमचा प्रकाशवाचक आहे. नुसता किरण खोबणीवरून फिरतो. आणि खरं सांगायचं तर आम्हाला तुमचं गाणं नकोच असतं. आम्ही वाचतो तो कक्षलेख."

"म्हणजे नेमकं काय?"

"ग्रामोफोनची सुई वजनाला हलकी, पण तिचं टोक इतकं बारीक की त्याखाली दर चौरस सेंटिमीटरला काही टनांचा दाब पडतो. त्या दाबानं खोबणीची भिंत क्षणभर मऊ होते आणि लगेच पुन्हा घट्ट. त्या क्षणी खोलीत जे काही चाललेलं असेल, बोलणं, पावलं, भांड्यांची आदळआपट, ते जमिनीतून आणि लाकडातून सुईपर्यंत पोचतं. सुई थरथरते. ती थरथर भिंतीवर उमटते. गाण्याच्या हजारपट उथळ, कानाला कळणारही नाही. पण राहते."

गृहस्थांनी डोळे मिटून विचार केला. "मग जितक्या वेळा वाजवली तितक्या खोल्या तिच्यात आल्या."

"तितके थर. वरचे चार आम्ही सुटे करतो, त्याखाली सगळा चिखल. म्हणून गाजलेल्या गाण्यांचा आम्हाला उपयोग नाही. ती घरात वाजतच राहतात, शेवटचा थर कुणाच्या तरी रविवारच्या पोह्यांचा निघतो. न चाललेली तबकडी मात्र एके दिवशी थांबते, आणि तो दिवस तिच्यात तसाच राहतो."

"न्यायालय ते मानतं म्हणे."

"आता तेवढंच मानतं. कुणाचाही आवाज कुणीही संगणकावर बनवू शकतो, त्यामुळे साध्या ध्वनिमुद्रणाला कुणी विचारत नाही. खोबणी मागाहून बनवता येत नाही. फक्त मूळ तबकडी हजर पाहिजे. ती फुटली, किंवा सुईखाली पुन्हा चार वेळा वाजली, की आमचा अहवाल रद्दी."

"आणि तो कशाला ठेवलाय?" गृहस्थांनी कोपऱ्यातल्या जुन्या सुईच्या रेकॉर्ड प्लेयरकडे हनुवटी केली.

"चाचणीच्या तबकड्यांवर थर चढवायला. तुमची त्याच्याजवळही जाणार नाही, काळजी नको."

तेव्हा कुठे डबा उघडला. आत कागदी पाकिटात तबकडी होती आणि पाकिटावर पेन्सिलीनं, सुरेख वळणदार अक्षरात चार ओळी होत्या. तबकडी कुणाकडून आली ते पाकिटावर लिहायचं, आणि तबकडी घेताना मूळ मालक हयात नसेल तर नावाआधी 'कै.' लावायचं, अशी या मंडळींची पद्धत आहे. बहुतेक चांगल्या तबकड्यांवर 'कै.' असतंच, कारण खरा शौकीन जिवंत असेपर्यंत तबकडी सोडत नाही. या पाकिटावर लिहिलं होतं:

'द यार्ड लाइट्स, भुसावळ. शंटिंग संडे.
एकमेव प्रत.
आल्यापासून वाजवलेली नाही.
कै. मुरलीधर बोंडे यांजकडून.'

झुबेरनं शेवटची ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. प्रयोगशाळेच्या संचालिकेचं नाव डॉ. हेमलता बोंडे होतं. मुरलीधर बोंडे तिचे वडील. ती सहा वर्षांची असताना, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या घरात भरदुपारी त्यांचा खून झाला होता. पंचनाम्यात नोंद होती: रेडिओग्राम चालू, चकती फिरत असलेली, वर तबकडी नाही. त्या एका ओळीपायी हेमानं ध्वनिशास्त्र घेतलं आणि बावीस वर्षं खपून हे यंत्र उभं केलं. जी तबकडी खुनाच्या वेळी वाजत होती तिच्यात खुनी असणार, हे तिचं गणित. खुन्याचं नाव तर तिला लहानपणापासून पाठ होतं.

झुबेर काही बोलणार तेवढ्यात हेमा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं पाकीट वाचलं.

"कारखानीस," ती म्हणाली. "श्रीनिवास कारखानीस. तूच ना?"

"मीच."

तिनं त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून भिंतीवर आपटला आणि फुटला. दुसऱ्या झटक्याला तिनं टेबलावरचं पितळी वजन उचललं. झुबेरनं मनगट धरलं नसतं तर ते म्हाताऱ्याच्या कवटीतच बसलं असतं. वजन खाली पडून फरशीचा कपचा उडाला. एवढं होऊनही कारखानीसांनी स्वतःला वाचवायला हात वर केला नव्हता. डावा हात वर होता तो तबकडीचा डबा उंच धरण्यासाठी.

"मारा," ते ओठावरचं रक्त पुसत म्हणाले. "कोठडीत याहून जास्त खाल्लाय मी." त्यांनी उजवा हात खिशातून काढला. चार बोटं चार दिशांना वळून जुळलेली होती. "दाराच्या फटीत घालून दार लावलं होतं. कबुली पाहिजे होती त्यांना. अकरा महिने होतो आत. पुराव्याअभावी सुटलो, तर स्टेशनावर लोकांनी तुडवला. बायको मुलांना घेऊन गेली ती गेलीच."

"माझे वडील तर जिवानिशी गेले!"

"मी मारलं नाही त्यांना. तबकडी घेतली, हो, चोरलीच म्हणा. तीनशे छापल्या होत्या त्यांच्या बँडनं. चाळीस खपल्या, उरलेल्या तुमच्या वडिलांनी संतापाच्या भरात एकेक करून फोडल्या. ही शेवटची. तिच्यासाठी मुंबईहून आलो होतो. आदल्या दिवशी मागितली तर नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दार उघडं, गाणं ठणाणा चालू. ते जमिनीवर पडलेले, डोक्याखाली रक्ताचं थारोळं. मेलेले होते. आणि ही फिरत होती. ती जड सुई एकेक वळण खात चालली होती. माझ्यानं बघवेना. उचलली आणि निघालो."

"माणूस मेलेला, आणि तुम्ही तबकडी वाचवलीत?" झुबेरनं विचारलं.

"आमच्यातल्या कुणीही आधी तबकडीच उचलली असती. आरडाओरडा नंतर केला असता. मी तोही केला नाही, एवढा माझा गुन्हा." कारखानीस हेमाकडे वळले. "तुम्ही सहा वर्षांच्या होता. माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, हाच काका. तुम्हाला दोष देत नाही. पण गेल्या महिन्यात नातवानं विचारलं, आजोबा, तुम्ही माणूस मारलाय का? म्हणून आलो. यंत्र तुमचंच आहे. तुम्हीच वाचा."

"यात तुमचा आवाज निघाला तर इथून जिवंत जाऊ देणार नाही."

"चालेल," कारखानीस म्हणाले.

प्रकाशवाचकाला वीस मिनिटं लागली. आणखी दहा मिनिटांत यंत्रानं गाणं वजा केलं आणि सर्वांत वरचा थर सुटा झाला. झुबेरनं ध्वनिवर्धक चालू केला. आधी खरखर आली. मग एका लहान मुलीचा आवाज आला, "बाबा, लावली!"

हेमाचा चेहरा एकदम मऊ झाला. "मी आहे ती," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, हेमा, आपलं गाणं लाव. ओरखडा न पाडता सुई ठेवता यायची मला. मग लिमलेटची गोळी मिळायची आणि मी व्हरांड्यात बसून गाणं ऐकायची. अख्ख्या लहानपणातलं तेवढंच आठवतं मला, आणि ते इतकं गोड आहे की काय सांगू."

"शाब्बास," पुरुषाचा आवाज आला. "ही घे गोळी. बाहेर जा. दार ओढून घे."

दार लागल्याचा आवाज. मग तोच पुरुष, पण खालच्या पट्टीत, "मालती, आवाज करायचा नाही. पोरगी ऐकेल."

मग एक धपका. थोड्या वेळानं दुसरा. मग भराभर.

"ड्रम आहेत," हेमा म्हणाली.

"ड्रम आपण काढून टाकलेत, मॅडम," झुबेर हलक्या आवाजात म्हणाला. "गाण्यातलं काहीही यात नाही."

धपके चालूच होते. मध्येच एक ठोका फार मोठा, फार जवळून आला. रेडिओग्रामच्या लाकडावर कुणाचं तरी डोकं आपटलं होतं. पुन्हा आपटलं. पुरुष धापा टाकत बोलत होता. तीनशे तबकड्या, म्हणत होता, तीनशे, आणि तू भाकऱ्या थापत बसलीस. जिला मारत होता तिचा आवाज कुठेच नव्हता. कण्हणंसुद्धा नव्हतं. नुसती किणकिण ऐकू येत होती. झुबेरच्या आजीनं चोपड्याच्या बाजारात जन्मभर बांगड्या भरल्या होत्या, त्याला विचारावं लागलं नाही.

"काचेच्या आहेत," तो म्हणाला. "आत्ता दोन फुटल्या."

हेमानं यंत्र थांबवलं. मालती तिच्या आईचं नाव. तिनं स्वतःच्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. कारखानीसांना मारलेल्या थपडेनं तो अजून लाल होता.

"त्याआधीचा थर लाव," ती म्हणाली.

त्याआधीच्या थरात मुलगी म्हणाली, बाबा, लावली. पुरुष म्हणाला, दार ओढून घे. मग धपके. तिसऱ्या थरात तेच, फक्त त्या दिवशी पट्टा होता. चौथ्यात पुन्हा लाकडावर डोकं. चारही थरांत मुलीचा आवाज खुशीत होता, गोळी मिळणार म्हणून. हेमा उठून मोरीपाशी गेली आणि ओकली. कारखानीस मान खाली घालून बसले होते. तिनं तोंड धुतलं, परत आली आणि पहिला थर जिथे थांबवला होता तिथून पुढे सुरू केला.

"आता पोरगी मोठी झाली," पुरुष म्हणत होता. "तिलाही शिकवावं लागेल. हेमा! ए हेमा! आत ये."

"आले बाबा," लांबून उत्तर आलं.

आणि मग एक आवाज आला, तो आधीच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. दगड हाडावर बसल्याचा. एकदाच. पाठोपाठ एक जड शरीर रेडिओग्रामवर कोसळलं आणि बांगड्यांची किणकिण धावत दाराकडे गेली.

एक मिनिट बावन्न सेकंद. हेमानं पुन्हा यंत्र थांबवलं.

"वरवंटा," ती म्हणाली. हत्यार कधी सापडलं नव्हतं. तो वरवंटा आजही तिच्या पुण्यातल्या ओट्याशेजारी होता, आणि आई दर रविवारी त्यानं चटणी वाटायची. हेमानं घरी फोन लावला. "आई, ती तबकडी सापडली. कारखानीस घेऊन आलेत," एवढंच ती बोलू शकली.

 आई म्हणाली, "त्यांना थांबव. मी येऊ राहिले."

झुबेर गाडी घेऊन गेला आणि पाऊण तासात मालतीबाईंना घेऊन आला. त्र्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, काटक बाई. मनगटं रिकामी. ती मुलीकडे गेली नाही, सरळ कारखानीसांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी मारलं," ती म्हणाली. "मेल्यावर काय करायचं सुचेना. शेजारणीनं सांगितलं, मुंबईचा माणूस घाईनं जाताना पाहिला. मग पोरीले मीच पढवलं, हाच काका म्हण. तुमचा हात मोडला ते कळलं होतं मले. तरी बोलले नाही. मी फासावर गेले असते तर ही कोणाच्या दारात वाढली असती? तुम्ही काय द्याल ती शिक्षा."

कारखानीसांना रडू फुटलं. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही. झुबेर खिडकीशी गेला. "शिक्षा कसली देऊ?" ते शेवटी म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं वाट बघितली, कुणीतरी एवढं म्हणावं म्हणून. डॉक्टर, अहवाल पुरा करा. शेवटपर्यंत वाचा. माझी पावलं नंतर येतात, तोवर बोंडे गेलेले होते, एवढं लिहून द्या. नातवाला दाखवीन."

"आता पुरे नाही का झालं?" हेमा म्हणाली.

"अर्धवट वाचलेली तबकडी न्यायालय घेत नाही. हे तुमचेच डॉक्टर म्हणतील." झुबेरनं नाइलाजानं मान हलवली.

"लाव," मालतीबाई म्हणाल्या. "मलेही ऐकू दे. मी तर पोरीले उचलून शेजारी पळाले होते."

हेमानं एक बावन्नपासून सुरू केलं. शरीर कोसळलं. बांगड्या गेल्या. मग खोलीत काहीच नसायला हवं होतं, पण एक घरघर सुरू झाली. सारख्या अंतरानं येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

"यंत्रात काही बिघाड?" कारखानीसांनी विचारलं.

झुबेरनं आकडे तपासले, पुन्हा तपासले. "नाही. डोकं रेडिओग्रामच्या पायाला टेकलेलं असणार, त्यामुळे लाकडातून थेट सुईपर्यंत आलंय."  पुढचं हेमाच बोलली.

"श्वास आहे तो."

दोन मिनिटं बावीस सेकंदांवर दार करकरलं. पावलं आली, जवळ येऊन थांबली. घरघर चालूच होती. तरण्या माणसाचा आवाज आला, हळहळलेला, "अरेरे, काय सुई आहे ही!" आणि त्याच वेळी, त्याच्या पायाशी, फार खालच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "पाणी."

पुन्हा एकदा, "पाणी."

दोन एक्केचाळीसला सुई उचलली गेली आणि थर संपला. सुई उचलली तेव्हा श्वास चालू होता.

 मालतीबाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. "मेला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी समजले, गेला."

"गाणं मोठ्यानं चालू होतं," कारखानीस म्हणाले.  "मला ऐकू नाही आलं. खरंच सांगतो. गाणं इतकं मोठ्यानं चालू होतं."

त्या घरात ते नेहमीच मोठ्यानं लावलं जायचं, आणि कशासाठी हे आता खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं. हेमाला वडिलांची कीव येत नव्हती आणि न येण्याची लाज वाटत होती. समोरच्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, तोही येईना. 

कारखानीस उठले. चष्म्याशिवाय चाचपडत त्यांनी प्रकाशवाचकातून तबकडी काढली आणि ती घेऊन कोपऱ्यातल्या सुईच्या प्लेयरपाशी गेले. झाकण उघडं होतं. चार वेळा वाजवायची, दहा-बारा मिनिटांचं काम. मग दगड नाही, श्वास नाही, पाणी नाही. झुबेर खुर्चीतून उठला. हेमानं त्याची बाही धरून ठेवली, कारण त्या दहा-बारा मिनिटांत आईदेखील सुटणार होती. कारखानीसांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिला काय वाटतंय ते त्यांना दिसलं असावं. तिनं नजर खाली घातली.

"हेमा," मालतीबाई म्हणाल्या, "त्या पोराले धरू नको. सोड त्याले."

तिनं बाही सोडली. पण झुबेरला पुढे जावं लागलं नाही. कारखानीस बराच वेळ त्या सुईकडे बघत उभे राहिले, मग आपणहून परत टेबलाशी आले. तबकडी पाकिटात घातली. कोटाच्या वरच्या खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि शेवटच्या ओळीवर, अगदी सुरुवातीला, डाव्या हातानं एक रेघ ओढली. जोर इतका लागला की तिथे कागद फाटला.

ओळीत आता नुसतंच 'मुरलीधर बोंडे यांजकडून' राहिलं होतं. 'कै.' खोडलं होतं.

मग त्यांनी ते पाकीट मालतीबाईंपुढे धरलं.

"चौकीवर दोघंही जाऊ," ते म्हणाले. "तबकडी तुम्ही घ्या. कडेला धरा, बाई. खोबणीला बोट लागू देऊ नका."

मालतीबाईंनी ती दोन्ही हातांनी, कडेला धरून घेतली.